वाड्याचे भाडेकरू

(पुण्यातील एका ग्रंथालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, थोडी काटछाट करून)



विश्रामबाग वाडा कोणाचा, असे पुण्यातल्या शाळकरी मुलाला विचारले तर तो दुसऱ्या बाजीरावाचे नाव सांगेल. उत्तर बरोबर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सुमारे दोन लाख रुपये खर्चून बाजीरावाने तो बांधला आणि तिथे मुक्काम हलवला. पण तो तिथे राहिला किती? जेमतेम दहा-अकरा वर्षे. १८१८ मध्ये राज्य गेले, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी त्याच वाड्यात कंपनी सरकारची संस्कृत पाठशाळा सुरू झाली. त्यानंतर तिथे कॉलेज आले, हायस्कूल आले, नगरपालिका आली, पोस्ट आले. मालकाची दहा वर्षे आणि इतरांची दोनशे वर्षे असा हा हिशेब आहे. पाटीवर नाव मात्र मालकाचे.

आज मला या 'इतरां'विषयी बोलायचे आहे. त्यांना मी सोयीसाठी भाडेकरू म्हणणार आहे. सगळेच काही पावती फाडून भाडे देत नव्हते, पण आपण बांधले नाही अशा वास्तूत येऊन ज्यांनी आपले काम थाटले, ते सगळे माझ्या लेखी भाडेकरू. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते स्वतः जन्मभर भाड्याच्या दोन खणांत राहिले, तेव्हा त्यांची या शब्दाला हरकत नसावी.

विश्रामबागेपासूनच सुरुवात करू, कारण भाडेकरूंची इतकी नामांकित यादी दुसऱ्या कुठल्या वाड्याला लाभलेली नाही. पाठशाळा तिथे का आली, हे आधी पाहू. पेशवे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. ती एकाएकी बंद केली तर शहरातला वजनदार वर्ग बिथरेल, हे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने ओळखले होते. दक्षिणेतला काही पैसा पाठशाळेकडे वळवला की विद्वानही सांभाळले जातात आणि सरकारची विद्येविषयीची आस्थाही दिसते. वाडा रिकामा होता, पैसा होता आणि नाराज शास्त्रीही होते. तिन्हींची गाठ पडली. व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष असे वर्ग बाजीरावाच्या सोप्यांत भरू लागले. हा निर्णय कोणी वारसा जपायचा म्हणून घेतलेला नव्हता. तो साधा राजकीय व्यवहार होता. तरी आज वाडा उभा आहे, त्याच्या कारणांत पहिले हेच धरावे लागेल.

१८३७ मध्ये पाठशाळेची सूत्रे मेजर थॉमस कँडी यांच्याकडे गेली. मराठीत आपण स्वल्पविराम, अर्धविराम देतो, ती शिस्त रुजवण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते हे कँडीसाहेब. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. पुढे ते डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेले. वाड्यात हायस्कूल राहिले.

मधली एक तारीख घाईने ओलांडता येत नाही. १६ नोव्हेंबर १८५२. त्या दिवशी विश्रामबाग वाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडींच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा शाल देऊन सत्कार झाला, मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा काढल्याबद्दल. ज्या वाड्यात दक्षिणेच्या पैशावर वेदान्ताचे वर्ग चालले, त्याच वाड्यात. बाजीरावाने वाडा बांधला तेव्हा हा प्रसंग त्याच्या स्वप्नातही आला नसता, आणि आला असता तर तो दचकून उठला असता. आता मला सांगा, या दिवाणखान्याचा इतिहास म्हणून आपण पर्यटकाला काय दाखवायचे? सुरूच्या आकाराचे कोरीव खांब दाखवायचेच, ते देखणे आहेत. पण खांबांखाली उभे कोण राहिले, हे सांगायला आपल्याजवळ बहुतेक वेळा वेळ नसतो.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा पेटला आणि त्याच रात्री विश्रामबागेचाही काही भाग जळाला. ती आग लागली नव्हती, लावली गेली होती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने गाजलेला तो काळ, आणि सरकारचा संशयही त्याच दिशेला वळला. विश्रामबागेचा जळलेला भाग पुन्हा उभारला गेला. बुधवार वाडा गेला तो गेलाच. दुसऱ्या बाजीरावाचाच तोही वाडा. त्यात सरकारी कचेऱ्या होत्या, आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये सुरू झालेले ग्रंथालयही होते. आज तिथे चौक आहे, रहदारी आहे आणि नाव तेवढे उरले आहे.

म्हणजे वाडा वापरात असला की वाचतो, असा सोपा सिद्धान्त मी मांडू शकत नाही. शनिवारवाड्याचे तर याहून वाईट झाले. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. एवढा चोख जमाखर्च फार थोड्या वास्तूंचा सापडतो. १८१८ नंतर इंग्रजांनी तिथे तुरुंग ठेवला, दवाखाना ठेवला, वेड्यांना ठेवले. वापर होता, आणि भरपूर होता. पण त्या वापरणाऱ्यांपैकी कोणालाही उद्या तो वाडा असावा असे वाटण्याचे कारण नव्हते. कैद्याला तर नक्कीच नाही. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि सात दिवस धुमसत राहिली. आज आत जोती आहेत, कारंज्याचे हौद आहेत, हिरवळ आहे आणि 'काका, मला वाचवा' ही भुताची गोष्ट आहे. पुण्यात घर रिकामे राहिले की भूत येतेच. बाकी भाडेकरूंपेक्षा ते कमी त्रास देते, एवढेच.

वापर कोणाचा आणि त्याचा त्या वास्तूत जीव किती, यावर सगळे ठरते. शाळांचा जीव असे. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल पेठेतल्या वाड्यात सुरू झाले. २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेजचे उद्घाटन झाले तेही गद्रे वाड्यात. आज टेकडीच्या पायथ्याशी, झाडांच्या सावलीत फर्ग्युसन पाहणाऱ्याला हे खरे वाटत नाही. मुलींचे हायस्कूल १८८४ चे. ते स्थिरावले तिथे एके काळी पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती. घोडे गेले, मुली आल्या, आणि शाळेला गाव हुजूरपागा म्हणत राहिले. कित्येक पिढ्या या शाळेच्या मुलींनी ते नाव अभिमानाने मिरवले आहे.

वाडा शाळेला का सोसला, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. मधला चौक उजेड आणि वारा देतो. चौकाभोवतीचे सोपे एका बाजूने उघडे, तिथे पाच-सहा वर्ग सहज बसतात. खण हे वाड्याचे माप, दोन खांबांमधले अंतर. भिंत पाडायची गरज नाही, पडदी घातली की दोन खणांचा वर्ग तयार, काढली की चार खणांचे सभागृह तयार. भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात, मधल्या भिंती बऱ्याचशा नुसत्या भरावाच्या. त्यामुळे आतली मांडणी बदलली तरी सांगाडा हलत नाही. दिंडी दरवाजा एकच, देवडीवर एक शिपाई बसवला की पळून जाणारी मुले हाती लागतात. बांधणाऱ्याने पहारेकऱ्यासाठी केलेली सोय शाळेच्या शिपायाला जशीच्या तशी उपयोगी पडली.

वाड्यात उणिवाही होत्या. माजघराच्या खोल्या दुपारीही अंधाऱ्या, शौचकूप मागे टोकाला, खेळायला जागा नाही. संस्था वाढल्या तशा त्या मुठेपलीकडे गेल्या. जाताना त्यांनी वाडे जुन्या मालकांच्या किंवा नव्या भाडेकरूंच्या हवाली केले. त्यात वाईट काही नव्हते. गावातून माणसे बाहेर गेली तशा संस्थाही गेल्या. छापखाने मात्र पेठेतच राहिले. टिळकांनी बडोद्याच्या सयाजीरावांकडून गायकवाड वाडा विकत घेतला. संस्थानिकाचा वाडा 'केसरी'चा झाला आणि लोकांच्या तोंडी नावही बदलले. भाडेकरूने, किंवा इथे नव्या मालकाने, बांधणाऱ्याचे नाव पुसल्याचे हे विरळ उदाहरण. त्यासाठी टिळक व्हावे लागते.

वाडा सोडून जरा मंडईत जाऊ. ती वाडा नाही, पण गोष्ट त्याच जातीची आहे. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भाजीबाजार भरे. तो हलवून बंदिस्त, दगडी, मनोऱ्याची मंडई बांधायचे नगरपालिकेने ठरवले. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा मंडईवर घालण्याला त्यांनी विरोध केला. तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, हे त्यांचे म्हणणे. त्यांचे कोणी ऐकले नाही. वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधकाम केले, १८८६ मध्ये मंडई उघडली आणि गव्हर्नर रे यांचे नाव तिला दिले गेले. वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी, खाली वांगी-बटाटे. हे शेजारपण मला फार आवडते. सभेतला आरडाओरडा खालच्या गिऱ्हाइकाला आणि खालचा वर ऐकू जात असणार, आणि दोन्हींत फरक करणे अवघड जात असणार. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. ज्या माणसाने ही इमारत नको म्हटले, त्याच्याच नावाने ती आज ओळखली जाते. फुल्यांना हे कळते तर त्यांनी आधी शिक्षणाच्या पैशांचे काय झाले, हे विचारले असते.

मंडई आजही मंडईच आहे. मूळ उपयोग न बदललेल्या मोठ्या जुन्या इमारती पुण्यात मोजक्या, त्यात ती एक. तिच्याकडे पाहताना मला एक गोष्ट जाणवते. रोज सकाळी तिथे झाडलोट होते, पाणी मारले जाते, गळके पन्हाळ गाळेवाल्याला आधी दिसते आणि तो त्याबद्दल भांडतो. जुन्या इमारतीला भांडणारा माणूस लागतो. संवर्धनाच्या अहवालात त्याच्यासाठी रकाना नसतो.

आता खऱ्याखुऱ्या भाडेकरूंकडे येतो, ज्यांच्या नावाने वाड्यांच्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या बोटे मोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात जागेची टंचाई झाली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी मुळात १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. त्या वेळी ते योग्यच होते. नाहीतर पेठांतली निम्मी कारकून मंडळी रस्त्यावर आली असती. पण पातळी तिथेच गोठली. महागाई वाढत गेली आणि दोन खोल्यांचे भाडे चहाच्या बिलाएवढे राहिले. वाड्याला दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी लागते, फुटकी कौले बदलावी लागतात, पन्हाळी साफ कराव्या लागतात. एका शाकारणीचा खर्च सगळ्या बिऱ्हाडांच्या वर्षाच्या भाड्याहून जास्त होऊ लागला. मालकाने शाकारणी सोडली. एका फुटक्या कौलातून आलेले पाणी आधी वाशावर, मग तुळईच्या टोकावर, मग खांबाच्या माथ्यावर येते. सागवान सुकत राहिले तर शतके टिकते. तेच ओल-सुक्याच्या फेऱ्यात अडकले की सांध्यापासून कुजते. त्यात कोणीतरी हौसेने पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की संपलेच. मातीची भिंत श्वास घेते, सिमेंट तिची ओल आत कोंडते.

मालकाचे म्हणणे, भाडेकरू निघत नाहीत म्हणून वाडा पडला. भाडेकरूंचे म्हणणे, आम्ही निघावे म्हणून मालकाने तो पाडू दिला. दोन्ही खरे आहे. तिसरेही एक खरे आहे, ते मात्र कोणी म्हणत नाही. भाडेकरू होते म्हणूनच कित्येक वाडे १९७०-८० पर्यंत उभे राहिले. मालक सात वारसांत वाटला गेलेला, त्यातले दोन परगावी, एक परदेशी. सही करायला सगळे एकत्र येईनात. तोपर्यंत दहा बिऱ्हाडे त्या चौकात सडा घालत होती, ताडपत्री का होईना टाकत होती, नळावरून भांडत होती. ही भांडणे, समाईक संडासांच्या रांगा आणि अंधारे जिने मी गोड करून सांगणार नाही. वाडासंस्कृतीवर गहिवरून लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या संस्कृतीचा संडास झाडला असेल. तिथल्या बायकांना ब्लॉकमध्ये जायला मिळाले तेव्हा आनंदच झाला, आणि तो समजण्यासारखा होता.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांचा निकाल पाण्याने लावला. मातीच्या भिंती भिजून बसल्या. काही वाडे त्याच दिवशी गेले, काही पुढच्या महिन्यांत धोकादायक ठरून उतरवले गेले. उतरवलेल्या वाड्याचे लाकूड मात्र कधी वाया गेले नाही. जुन्या सागवानाला बाजार आहे. कुणाच्या देवडीचा दरवाजा आज एखाद्या फार्महाउसला आहे, कुणाचा सुरूचा खांब हॉटेलच्या काउंटरमागे शोभेला उभा आहे. याला चांगला जुना दाखलाही आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. केळकरांच्या दृष्टीला नमस्कार करून मी म्हणेन की खांब वाचला म्हणजे वाडा वाचला असे नाही.

हे सगळे ज्या एका वास्तूपाशी येऊन थांबते, ती म्हणजे बुधवार पेठेतला भिडे वाडा. १८४८ मध्ये तात्यासाहेब भिड्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली आणि जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा तिथे सुरू झाली. शाळा तिथे फार काळ चालली नाही. १८५१ मध्ये पुन्हा शाळा निघाली ती चिपळूणकर वाड्यात. पण पहिली ती पहिलीच. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे भिडे वाड्यात दुकाने आली, बँक आली, वरचे मजले रिकामे पडले, खिळखिळे झाले. समोर दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची रांग आणि इकडे या वाड्याकडे मान वर करून पाहणारा विरळा.

राष्ट्रीय स्मारक करायचे ठरले तेव्हा गाळेधारक न्यायालयात गेले. वर्षानुवर्षे खटला चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर उजाडताच जागा ताब्यात घेतली गेली आणि वाडा पाडला गेला. नव्या स्मारकासाठी.

माझ्या ओळखीच्या काही वारसाप्रेमींनी तेव्हा खांदे उडवले. वाड्यात वास्तुकलेच्या दृष्टीने जपण्यासारखे काही नव्हते, असे त्यांचे म्हणणे. ना कोरीव काम, ना चित्रे, ना कुठल्या सरदाराचे नाव. इमारत मोडकळीला आली होती, हेही खरे. पण ही कसोटीच मला मान्य नाही. वारसा ठरवताना आपण अजून बांधणाऱ्याचा पैसा आणि सुताराचा हात पाहतो. वापरणाऱ्याने तिथे काय केले, याला गुण कमी. भिडे वाड्याचे मोल शंभर टक्के एका भाडेकरूने निर्माण केलेले होते. ज्या खोलीत पहिल्या मुलींनी पाटीवर अक्षर काढले, ती खोली साधी होती आणि तसेच असायला हवे होते. संगमरवराच्या महालात ती शाळा निघालीच नसती. तीच जमीन, त्याच चार भिंती ठेवून आधार देता आला असता का, याचा तांत्रिक विचार पुरेसा झाला नाही, असे माझे मत आहे. गाळेधारकांनी तडजोड लवकर केली असती तर कदाचित वेळ होता. पण एकट्या त्यांनाच मी दोषी धरणार नाही. आपण सगळे दीडशे वर्षे त्या पायऱ्यांवरून खरेदीला गेलो.

आता नवे स्मारक होईल. तिथे पुतळे असतील, भित्तिचित्रे असतील, कदाचित ध्वनिप्रकाशाचा खेळ असेल. माझी एकच मागणी आहे. तिथे रोज सकाळी मुलींची हजेरी घेतली जावी. पूर्ण शाळा शक्य नसेल तर अभ्यासिका, दहावीच्या मुलींसाठी वर्ग, वस्तीतल्या बायकांसाठी साक्षरतेचा तास, काहीही. एका मजल्यावर तरी फळा असावा आणि तो वापरलेला असावा.

संग्रहालय हा जुन्या इमारतीचा आपल्याला सुचणारा पहिला आणि बहुधा शेवटचा उपयोग असतो. नाना वाड्यात मुलांची शाळा भरत होती, आता क्रांतिकारकांचे संग्रहालय आहे. विश्रामबागेत 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे प्रदर्शन आहे. ही कामे चांगली आहेत, मी ती पाहिली आहेत, तुम्हीही पाहा. पण शहरातल्या प्रत्येक जुन्या वाड्याचे संग्रहालय करायचे म्हटले तर तेवढे प्रेक्षक आणायचे कुठून? एकदा पाहिलेले प्रदर्शन माणूस पुन्हा पाहुणे आले तरच पाहतो. पोस्टात मात्र पुन्हा पुन्हा जावे लागते. स्पीड पोस्ट, अल्पबचतीचे खाते, पेन्शन. विश्रामबागेतले पोस्ट मला त्या वाड्याचा सर्वांत गुणी भाडेकरू वाटतो. त्याच्यामुळे एखादी आजी बाजीरावाच्या खांबांखालून पासबुक भरायला जाते आणि खांबाकडे बघतही नाही. असे न बघता ये-जा करणे हा वास्तूचा मोठा सन्मान आहे, असे मी समजतो.

पेठांतल्या उरलेल्या वाड्यांसाठी सुचवायचे ते असे. महापालिकेच्या वारसा यादीत वास्तूसमोर बांधणाऱ्याचे नाव आणि शैली असते. तिथे आणखी एक रकाना वाढवावा, वापरणाऱ्यांचा. कोणत्या सालापासून कोण, कशासाठी, कुठपर्यंत. शाळा, तालीम, छापखाना, खाणावळ, वसतिगृह, कार्यालय. दुसरे, मालकाला दुरुस्तीसाठी मदत द्यायची तर ती सामान्य, दररोजच्या वापराला बांधलेली असावी. दवाखाना चालवा, संगीताचे वर्ग भरवा, बचत गटाचे स्वयंपाकघर चालवा, आम्ही शाकारणीचा खर्च देऊ, असा करार व्हावा. एफएसआयच्या गणिताला हा पुरा पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पेठेतली जमीन सोन्याच्या भावाची आहे आणि वारसांना आपापला हिस्सा हवा आहे. सगळे वाडे वाचणार नाहीत. पण दहा-वीस जरी कामकरी वाडे म्हणून राहिले, तरी त्यांच्या आधाराने पेठेचा नकाशा वाचता येईल.

तिसरी सूचना आपल्या ग्रंथालयाच्या विश्वस्तांसाठी. पेठेतल्या जुन्या शाळांचे जनरल रजिस्टर, खाणावळींच्या वह्या, गणेश मंडळांच्या वर्गणीची पुस्तके, भाडेपावत्या, वीजबिले आजही लोकांच्या माळ्यावर पडून आहेत. घर रिकामे करताना ती रद्दीत जातात. ग्रंथालयाने ती स्वीकारावीत, पेठ आणि वाडा यांनुसार लावावीत. खर्च फार नाही, एक कपाट आणि आठवड्यातून दोन तास बसणारा माणूस लागेल. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी व्याख्यानानंतर कार्यवाहांकडे नाव नोंदवावे. वही बाहेर मांडून ठेवलेली आहे.